प्योसरांचं अखंड शेवाळ

वाकून चालणाऱ्या माणसाबद्दल प्योसरांना कधीच आदर वाटला नाही. कोरियातल्या देगू शहरात, एका शाळेत त्यांनी उभा जन्म व्यायाम शिकवला. "पाठ सरळ" हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारले होते, की निवृत्तीच्या समारंभात फुलांचा गुच्छ द्यायला आलेले शिक्षणाधिकारीसुद्धा स्टेजवर नकळत ताठ झाले. निवृत्तीनंतर सर वसाहतीतल्या डोंगर-मंडळाचे अध्यक्ष झाले. दर रविवारी वसाहतीतली यच्चयावत म्हातारी माणसं त्यांच्या शिट्टीच्या तालावर पालगोंगचा डोंगर चढत आणि खाली येऊन तांदळाची दारू पीत. मंडळाची एकच अट होती, हाडं धड पाहिजेत. ती अटही सरांनीच घातली होती.

म्हणून आरोग्य केंद्राची गाडी फुकट हाडं तपासायला वसाहतीत आली, तेव्हा सर रांगेत पहिले उभे राहिले. तपासणीची त्यांना गरज नव्हतीच, इतरांना धडा मिळावा एवढाच हेतू. त्यांनी टाच यंत्रात घातली. यंत्राने थोडा विचार केला. समोरची पोरगी पडद्याकडे बघून एकदम हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, उतरताना माझा हात धरा हं."

पुढे मोठ्या दवाखान्यात गेले तर डॉक्टर सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. एके काळी त्याला सरांनी मैदानाला भरपूर फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो सूड वगैरे घेणारा मुलगा नव्हता, पण हाडं विरळ झालीत आणि हे सहसा आजीबाईंना होतं, हे त्याने जरा जास्तच स्पष्ट सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. ऊन घ्या, मासे खा, मियोक खा म्हणाला. त्या तपकिरी शेवाळात कॅल्शियम असतं, हाडांना त्याचा आधार होतो का यावर अजून अभ्यास चालू आहेत, होतही असेल. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि रोज पातेलंभर शेवाळ ढोसायचं नाही, गळ्यातली ग्रंथी बिघडते. सरांच्या डोक्यात यातलं फक्त "मियोक खा" एवढंच शिरलं. गोळ्यांची डबी त्यांनी डोंगर चढायच्या बुटात लपवली आणि बूट कपाटाच्या तळाशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर पांढऱ्या कोटातला एक माणूस तपकिरी शेवाळ आणि हाडं याच विषयावर तळमळीने बोलत होता. सरांनी चॅनल बदलला, तर शेजारच्या चॅनलवर तेच शेवाळ विकायला काढलेलं. इतका योगायोग त्यांना पटला नाही. घ्यायचं तर थेट समुद्राकाठी जाऊन घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मियोकची पाकिटं रचून ठेवलेली असत, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दुकानाच्या गल्ल्यावर महिला मंडळाच्या अध्यक्ष चूबाईंची जाऊ बसायची. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वसाहतीला सरांच्या सांगाड्याची इत्थंभूत माहिती झाली असती. शिवाय बायको ओकबुन हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालायला बहिणीच्या गावी गेली होती. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

समुद्राकाठच्या गीजांगच्या बाजारात एक आजी रबरी बूट घालून शेवाळाच्या ढिगामागे बसली होती. सरांनी सगळ्यात उत्तम मियोक मागितलं. आजीने विचारलं, कुणासाठी? प्रश्न साधा होता. पण सरांच्या मागे दोन बायका उभ्या होत्या, आणि "माझ्या हाडांसाठी" असं त्यांच्यादेखत म्हणणं शक्य नव्हतं.

"लेकीसाठी," सर म्हणाले.

आता कुणी म्हणेल, एवढं बोलल्यावर तरी सरांच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. बाळंतिणीला मियोकचं सार देतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांनाही होतं. पण बाळंतपणासाठी जे मियोक घेतात ते वेगळं, त्याचे नेमधर्म वेगळे, ही आयाबायांची खाती. त्यांच्या लेकीच्या, युनजूच्या वेळी ती खरेदी सरांच्या आईने केली होती. सर तेव्हा आंतरशालेय स्पर्धेत शिट्टी फुंकत होते. मुलगी झाल्याचं त्यांना रिले शर्यतीच्या मध्यावर कळलं, आणि शर्यत संपवूनच ते घरी आले.

आजीचा चेहरा मात्र बदलला. तिने पुढची पाकिटं बाजूला सारली, आत गेली आणि एक अख्खं वाळलेलं मियोक दोन्ही हातांवर तोलत घेऊन आली. उभं धरलं तर ते सरांच्या खांद्याला लागत होतं. मध्ये पेंढ्याच्या दोरीने बांधलेलं. ती म्हणाली, वाकवायचं नाही, मोडायचं नाही, कापायचं तर नाहीच. सरांनी आपल्या परीने शास्त्र लावलं. शेवाळ मोडलं की त्याच्यातलं हाडाचं बळ मोडत असणार. हे त्यांना इतकं पटलं की ही गोष्ट डॉक्टरने का सांगितली नाही, याचाच राग आला. भाव ऐकून मात्र त्यांचे डोळे पांढरे झाले. "जरा कमी" एवढं तोंडातून निघतंय तोच मागच्या दोन्ही बायकांनी श्वास रोखला. आजी म्हणाली, "भाऊ, याचा भाव करत नाहीत." सरांनी मुकाट्याने पैसे काढले. आजीने वर मूठभर सुकी मासळी फुकट बांधून दिली आणि त्यांचं मनगट धरून म्हणाली की सगळं सुखरूप होईल. हिला नुसत्या मनगटावरून हाडं कळतात, असं सरांना वाटलं आणि बराच धीर आला.

परतीचा प्रवास त्यांच्या कायमचा लक्षात राहिला. गाडीतल्या तपासनिसाने एवढं लांब सामान डब्यात चालणार नाही म्हणून नियम सांगायला सुरुवात केली, पेंढ्याची दोरी पाहिली आणि वाक्य अर्धं टाकून सरांना वाकून नमस्कार केला. असं आधी सांगायचं ना, म्हणाला. देगूच्या मेट्रोत तर कहरच झाला. गरोदर बायकांसाठी राखून ठेवलेल्या गुलाबी सीटवर एक धटिंगण पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. एका म्हातारीने त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्या सीटवर मियोक नीट उभं टेकवून ठेवलं. शेवाळ बसलं आणि हाडं ठिसूळ झालेला पेन्शनर कडी धरून उभा राहिला. म्हातारीने प्रेमाने विचारलं, कितवा महिना चाललाय? नोव्हेंबर होता. सर म्हणाले, "अकरावा." म्हातारी पुढे काही बोलली नाही, पण उतरेपर्यंत त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

आणि लिफ्टमध्ये नेमक्या चूबाई भेटल्या.

चूबाई गप्प बसल्या आहेत असं दृश्य वसाहतीत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मियोककडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि डोळे पाण्याने भरून आले. संपलं, त्यांनी मनात म्हटलं, हिला कळलं. त्यांनी आवाज खाली आणला.

"चूबाई, ही गोष्ट आपल्यातच राहू द्या. युनजूच्या आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

चूबाईंनी तोंडावर हात दाबून धरला. आईला माहीत नाही आणि बापाला माहीत आहे, असली बातमी पोटात ठेवायची म्हणजे काय यातना असतील, याची आपण कल्पनाच करावी. त्यांनी त्या आपल्या मजल्यापर्यंत सोसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या आयुष्यात असं काही सुरू झालं की त्याचा अर्थच लागेना. दाराशी एक लाल भोपळा आला. मग आणखी दोन आले. पहारेकऱ्याने त्यांच्या हातातली कचऱ्याची पिशवी ओढून घेतली. समोरच्या बाई येऊन सांगून गेल्या की डाव्या कुशीवर झोपलेलं चांगलं, जड काही उचलायचं नाही, आणि फळं खायची ती गोल, सुबक, डाग नसलेलीच खायची. मन प्रसन्न राहील अशाच गोष्टी बघायच्या, भांडणं बघायची नाहीत. डाग असलेल्या नासपतीचा आणि हाडांचा संबंध काय, हे सरांना कळेना. पण आजारी माणसाला सगळंच पटतं. ते रात्रभर डाव्या कुशीवर पडून राहिले, सकाळी हात बधिर झाला. वाकड्या नासपती त्यांनी पहारेकऱ्याला देऊन टाकल्या आणि बातम्या बघणं बंद केलं.

मग डोंगर-मंडळाचे लोक आले. येताना गोड भात घेऊन आले आणि अध्यक्षांनी आता काही महिने डोंगराचा विचार करू नये, घरी केव्हा गरज पडेल सांगता येत नाही, असं म्हणाले. सरांनी यातलं राजकारण ओळखलं. भात ठेवून घेतला, त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि तसेच खाली जाऊन मुलांच्या घसरगुंडीसमोर सगळ्यांच्या देखत दंड काढायला सुरुवात केली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. एवढ्या वयात माणूस आनंदाने वेडा होतो तो असा, असं खालून जाणारं कुणीतरी म्हणालं. कसला आनंद, ते काही सरांना समजलं नाही.

त्याच दुपारी छतातला कर्णा खरखरला. वसाहतीत घरोघरी छतात एक कर्णा आहे. पाण्याची टाकी धुणार असतील किंवा कुणाची गाडी आडवी लागली असेल, तर व्यवस्थापक योम त्यातून बोलतात. या वेळी त्यांनी जाहीर केलं, की १०३ नंबरच्या इमारतीतल्या एका आदरणीय कुटुंबासाठी लिफ्टलगतची पार्किंगची जागा समितीने एकमताने राखून ठेवली आहे आणि ती गुलाबी रंगाने रंगवण्यात येत आहे. १०३ म्हणजे सरांचीच इमारत. सर खुर्चीतून ताडकन उठले. आजीबाईंचा आजार झाला म्हणून गुलाबी रंग! ते तणतणत कचेरीत गेले आणि ती जागा रद्द करा म्हणाले. योमनी हात जोडले. एकमताने झालेला ठराव रद्द करायचा तर पुन्हा बैठक हवी, आणि बैठकीत कारण द्यावं लागेल. कारण म्हटल्यावर सर आल्या पावली परत गेले.

घरी आले तोच विहीणबाईंचा फोन. युनजूच्या सासूबाई याच वसाहतीत १०७ नंबरात राहत. बोलणं मोजकं, स्वभाव कडक. त्या फोनवर चक्क रडत होत्या. इतकी वर्षं मी देवळात वाकत आले, व्याहीबुवा, आता कुठे, असं म्हणून त्यांना पुढे बोलताच येईना. आपल्या टाचेच्या हाडासाठी विहिणीने एवढं रडावं, याने सर हेलावूनच गेले. बाईला आपण इतकी वर्षं उगाच खडूस समजत होतो, असंही त्यांच्या मनात आलं.

ओकबुन किमचीचे डबे घेऊन परतली ती नेमकी याच वेळी. दारात भोपळ्यांना अडखळली. आत आली आणि न मोडता शिजवायचं कसं ते न कळल्यामुळे सरांनी कपाटावर आडवं ठेवलेलं ते लांबलचक मियोक, त्याची पेंढ्याची दोरी पाहून जागच्या जागी थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हे कुणाचं?"

सरांनी खूप आढेवेढे घेतले. मग तोंडातल्या तोंडात कबूल केलं, की माझं. आणि गाडी, यंत्र, टाच, आजी, दोन बायका, लिफ्ट, सगळं घडाघडा सांगून टाकलं. ओकबुन किमचीच्या डब्यावरच बसली. असं अख्खं, न मोडता, भाव न करता फक्त बाळंतपणासाठी आणतात, मोडलं तर सुटका अवघड होते म्हणतात, हे तिने सांगितलं तेव्हा सरांना गुलाबी सीट आठवली. मग भोपळे आठवले. मग विहीणबाई आठवल्या.

युनजूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यानंतर घरात तो विषय निघत नसे. सासूनेसुद्धा मोठ्या मुश्किलीने विचारणं सोडलं होतं. आणि ज्या बापाने या विषयावर कधी अवाक्षर काढलं नाही, त्याने तो खांद्यावर घेऊन मेट्रोतून मिरवत आणला होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात युनजू आलीच. चेहरा पांढराफटक. सासूबाई विणलेलं दुपटं घेऊन तिच्या दारात आल्या होत्या आणि मलाच शेवटी का सांगितलंस म्हणून रडत होत्या.

"बाबा, तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

ओकबुन बिचारी मध्ये पडली. तिला त्या घटकेला नवऱ्याची अब्रू दिसत होती, मुलीचं घर दिसत होतं, जे सुचलं ते ती बोलून गेली. थोडे दिवस गप्प राहू, म्हणाली, मग सांगू की याही वेळी नाही राहिलं. लोक समजून घेतील.

युनजू खाली बसली आणि तिने पोटाशी पर्स घट्ट धरली. सरांनी ते पाहिलं. आपली हाडं झाकण्यासाठी पोरीला तिसऱ्यांदा त्यातून जायला लावायचं, एवढाच याचा अर्थ होता. त्यांनी बूट चढवले आणि कुणी काही विचारायच्या आत बाहेर पडले.

कचेरीत योम चहा पीत होते. सरांनी कर्णा मागितला. योम म्हणाले, कर्णा फक्त पाणी, वीज, हरवलेली मुलं आणि आग यांच्यासाठी असतो, खाजगी कारणासाठी समितीच्या अध्यक्षांची परवानगी लागते, आणि ते गोल्फ खेळायला गेलेत. सरांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेने एके काळी अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. योमनी खुर्ची सोडली.

"लक्ष द्या," घरोघरच्या छतांतून आवाज आला, आणि कित्येक घरांत माणसं आपोआप ताठ बसली. "मी १०३ इमारतीतला प्यो मानसोक. माझी हाडं ठिसूळ झाली आहेत. आजीबाईंची होतात तशी. मी जे मियोक आणलं ते माझ्या हाडांसाठी आणलं. ते सांगायची लाज वाटली म्हणून बाजारात मी लेकीचं नाव घेतलं. तिच्याकडे काही बातमी नाही. असेल तेव्हा ती सांगेल, वाटलं नाही तर नाही सांगणार. चूक माझी आहे, तिची नाही. विहीणबाई, मला क्षमा करा. यापुढे माझ्या मुलीला कुणी एक शब्द विचारला, तर गाठ माझ्याशी आहे. भोपळे ज्याचे त्याने घेऊन जावेत. डोंगर-मंडळाचा राजीनामा देतो आहे. संपलं."

भाषण छान झालं होतं. फक्त खटका बंद करायचं राहिलं. त्यामुळे पुढचंही सगळ्या वसाहतीने ऐकलं. पाण्याचा ग्लास घटाघटा संपवल्याचा आवाज, मोठा सुस्कारा, आणि मग सरांचा पडलेला स्वर, "योमसाहेब, पाय लटपटतायत हो माझे. पायऱ्या उतरेपर्यंत जरा हात धरता का?"

परतताना सरांनी मान वर केली नाही. वाटेत डोंगर-मंडळाच्या खजिनदाराने त्यांना जिन्याआड ओढलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, की गोळ्या कोणत्या दिल्यात, कारण मलाही देतात त्या सोसत नाहीत. लिफ्टमध्ये चूबाई होत्या. त्यांना बोलायचं खूप होतं, पण त्या फक्त सरकून उभ्या राहिल्या आणि सरांना भिंतीची दांडी धरायला जागा करून दिली.

घरात विहीणबाई बसल्या होत्या. दुपटं मांडीवर घडी करून ठेवलेलं. सर दारातच गुडघे टेकायला लागले तशा त्या म्हणाल्या, "उठा व्याहीबुवा, मोडाल कुठेतरी." मग युनजूकडे न बघता तिच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नऊ वर्षांत असं कधी घडलेलं नव्हतं. युनजूने हात काढून घेतला नाही.

थोड्या वेळाने ओकबुन कात्री घेऊन उठली. झालं ते झालं, एवढं महागाचं मियोक वाया कशाला घालवायचं, भिजत टाकते, सगळ्यांसाठी सार करते, तुमच्या हाडांनाही चार घास मिळतील, म्हणाली. सरांनी ते शेवाळ कपाटावरून जपून उतरवलं. इतक्या दगदगीनंतरही त्याचं एक टोकसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"कापू नकोस, आई," युनजू म्हणाली.

ती मियोककडेच बघत होती. "नीट वाळलेलं असलं की बरीच वर्षं टिकतं ना हे?"

टिकतं, असं विहीणबाई म्हणाल्या. ओकबुनने कात्री खणात ठेवून दिली. सर खुर्चीवर चढायला निघाले, तसं युनजूने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः चढली. सरांनी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिने शेवाळ कपाटावर सावकाश आडवं ठेवलं, कुठे वाकतंय का ते पाहिलं आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्योसर कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि कापलेल्या मियोकचं एक साधं पाकीट गल्ल्यावर ठेवलं. कुणासाठी, असं चूबाईंच्या जावेने विचारलं नाही. तरी सरांनी सांगितलं.